सम माझे, विषम ताईचे

माझं कुठल्याही जिन्निणीशी लग्न झालेलं नाही. हे मी स्वच्छ अक्षरात लिहून, खाली सही आणि हुद्दा घालून, आमच्या इमारतीच्या जिन्यात चिकटवलंही होतं. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "मग साखरपुडा?"

मी बहगत. वय चोपन्न, लग्न राहून गेलेलं, अलेक्झांड्रियात वजन-मापे खात्यात वरिष्ठ निरीक्षक. मुहर्रम बे भागातल्या ज्या घरात जन्मलो त्याच घरात अजून राहतो. मी बाजारात शिरलो की खाटकाचा अंगठा तराजूवरून आपोआप वर जातो आणि कोथिंबीरवाली न मागता दोन काड्या जास्त घालते. अशा माणसाला एके दिवशी तोच खाटक हसू दाबत म्हणाला, "उस्ताज, आज कलेजी न्या ना. वहिनींना कच्ची आवडत असेल." मी जागच्या जागी त्याची सगळी वजनं तपासली. दुर्दैवाने ती बरोबर निघाली.

मुळात गोष्ट एवढीशी होती. ताईचा फोन आला.

अवातिफताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्न करून ट्युनिशियात, सफाकसला गेली. मध्ये तीन-चार वेळा आली. शेवटची आली ती अम्मा गेली तेव्हा, त्यालाही अकरा वर्षं झाली. मी मात्र एकदाही गेलो नाही. आधी रजा नव्हती, मग रजा होती पण पासपोर्ट नव्हता, मग अम्मा आजारी, मग अम्मा नाही आणि कशाचीच इच्छा नाही. कारणांची माझ्याकडे कधी टंचाई पडली नाही.

ताई फोनवर म्हणाली, "बहगत, तुझ्याकडे 'खाऱ्या तळ्याची राणी' अजून आहे का रे?"

"आहे की. सगळे सम अंक आहेत."

"मला वाचून दाखव."

"मी? आता? अगं, मी वरिष्ठ निरीक्षक आहे!"

"मग वरिष्ठ निरीक्षकासारखं वाच." मग ती म्हणाली, "काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला. डाव्याने खिडकी दिसते, अक्षर नाही दिसत. आणि हे कुणालाही सांगायचं नाही. ह्यांना आणि लेकीला माहीत आहे, तेवढं बास. माणसाला दिसत नाही कळलं ना, की लोक त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलायला लागतात."

मी शपथ घेतली. पुढचं सगळं रामायण त्या शपथेमुळे झालं.

आता हे सम-विषम प्रकरण सांगायला हवं. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा 'खाऱ्या तळ्याची राणी' ही मालिका दर महिन्याला निघायची. खिशात मावेल एवढं पुस्तक, मुखपृष्ठावर हिरव्या चेहऱ्याची झुमुर्रदा राणी, आणि कागद असा की वाचून झाल्यावर बोटं काळी व्हायची. मिठागराच्या गावातला नजी नावाचा एक भित्रा तारमास्तर. त्याला तळ्याखाली राहणाऱ्या जिन्नांच्या राणीच्या तारा येतात. ती याच्यावर जीव टाकते, हा तिच्यावर टाकतो, आणि दोघांच्या मध्ये मिठाचं जाड तळं. बावन्न अंक निघाले. ताई आणि मी आमचे खाऊचे पैसे एकत्र करून एकेक घ्यायचो आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर, कांद्याच्या पोत्याला टेकून वाचायचो. वाचायची ती. मी फक्त घाबरायचो. ते काम मी मनापासून करायचो, इतकं मन लावून पुढे सरकारी नोकरीतही केलं नाही.

तिच्या लग्नात अम्माने भांडी वाटली, गालिचे वाटले, आणि आम्ही दोघांनी राणी वाटून घेतली. विषम अंक ताईचे, सम माझे. मी म्हटलं होतं, एक ते सव्वीस तू घे, बाकीचे मी ठेवतो. ती म्हणाली, "नको. असं वाटू की दोघांपैकी कुणालाच एकट्याला वाचता येणार नाही." तेव्हा मला ती नुसती चेष्टा वाटली.

तर वाचन सुरू झालं. रोज दुपारी चार वाजता, मी कचेरीतून आलो आणि जेवून इमारत झोपली की. आमच्या घरात फोनला रेंज मिळते ती फक्त स्वयंपाकघरात, डक्टच्या खिडकीशी. तिथे साखरेच्या डब्याला फोन टेकवून, त्याचा आवाज मोठा करून, मी दुसरा अंक उघडला. पहिल्या पानाला घसा साफ केला. दुसऱ्या पानाला लाज वाटली. तिसऱ्या पानाला तारमास्तर नजीच्या दारावर थाप पडली आणि ताईने मुलुखिय्याच्या पालेभाजीवर लसणाची फोडणी ओतताना आमच्याकडच्या बायका रिवाजाने ओढतात तसा खोल श्वास ओढला. मग मला राहवलं नाही. मी राणीचा आवाज काढला. बारीक, ओला, तळ्याच्या तळातून आल्यासारखा:

"नजी... दार उघड... किती वर्षं वाट पाहू?"

ताई खिदळली, मग किंचाळली, मग म्हणाली, "थांबू नकोस, मेल्या!" त्या तासाभरात सफाकस कुठे होतं कोण जाणे. मला कांद्याच्या पोत्याचा वास येत होता.

आता तुम्हीच डक्टच्या वरच्या खिडकीत बसून ऐका. एकट्या पुरुषाचं घर. रोज चार वाजता त्यातून बाईचं हसणं, बाईची किंकाळी, मुलुखिय्याचा श्वास (आणि मुलुखिय्याचा वास मात्र नाही!), आणि मधूनच एक ओला आवाज: किती वर्षं वाट पाहू? वरच्या मजल्यावरच्या उम्म शादी, म्हणजे शादी नावाच्या मुलाच्या आई, ह्यांनी स्वाभाविकपणे आधी साधा संशय घेतला. त्या खाली उतरल्या आणि दारावरच्या इद्रीसकाकांना विचारलं, "उस्ताज बहगतकडे कोण बाई येते?"

इद्रीसकाका नऊ वर्षं आमच्या दाराशी बाकावर बसलेत. त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नाही. ते म्हणाले, "या दारातून उस्ताजकडे बाई आलेली नाही. माझी दाढी साक्षी."

"पण आत बाई आहे. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की आली नाही."

दोन्ही साक्षीदार खरे. तेव्हा जी बाई आत आहे आणि दारातून आलेली नाही ती कोण, हा हिशेब त्यांनी बाकावरच बसून सोडवला. संध्याकाळपर्यंत उत्तर पाचव्या मजल्यावर पोचलं होतं.

पाचव्या मजल्यावर हाजी बयूमी. वीज मंडळातून मीटर वाचून निवृत्त झाले आणि आता अदृश्य गोष्टींचा अभ्यास करतात. त्यांचं म्हणणं, वीज दिसत नाही म्हणून ती नाही का? त्यांनी मला जिन्यात गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"लाजू नका. आमच्या गावात एकाने सतरा वर्षं केला संसार. चांगला होता. फक्त मीठ घालायचं नाही जेवणात. त्यांना मीठ चालत नाही."

"हाजी, मी पुस्तक वाचत असतो. मोठ्याने!"

"बाईच्या आवाजात?"

एक उत्तर दिलं तर ताईचं नाव सांगावं लागणार, दुसरं दिलं तर चोपन्नाव्या वर्षी स्वयंपाकघरात बाईचा आवाज काढतो हे कबूल करावं लागणार. मी तिसरा मार्ग निवडला आणि तोंड फिरवून जिना चढलो. हाजींनी त्याचाही अर्थ लावला.

मग सल्ले सुरू झाले. उंबऱ्यावर व्हिनेगर शिंपडा. उशीखाली कात्री ठेवा. काळी कोंबडी पाळा. दुसऱ्याने सांगितलं, काळी अजिबात नको, ठिपक्यांची पाळा. कचेरीत साहेबांनी आडून विचारलं, "घरी सगळे बरे ना?" आणि 'सगळे' या शब्दावर उगाच थांबले. सर्वांत वाईट म्हणजे काहींना माझा हेवा वाटायला लागला. पहिल्या मजल्यावरची नवी सूनबाई वाटीभर तांदळाची खीर घेऊन आली आणि अंगठी हरवली आहे, "त्यांना" विचाराल का, म्हणाली. मी खीर ठेवून घेतली. अंगठी दोन दिवसांनी तिच्या पिठाच्या डब्यात सापडली आणि माझं उरलंसुरलं नाव बुडालं.

ताईला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला वेगळीच काळजी लागली होती. "सम वाचून वाचून कंटाळा आला रे. दुसऱ्यात दार वाजतं, आणि चौथ्यात हा तुरुंगात! मध्ये काय झालं?"

"तिसरा तुझ्याकडे आहे."

"मग मी पाठवते सगळे. लेक टपालात टाकेल."

टाकले. पार्सल आलंही. आणि टपालाच्या जकातीत जाऊन बसलं.

जकातीच्या कचेरीत लबीब नावाचे कारकून होते. पन्नाशीचे, नाकाच्या टोकावर चष्मा, समोर सूर्यफुलाच्या बियांची पुडी. फॉर्मवर तीन चौकोन होते: धार्मिक, शैक्षणिक, इतर. मी 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हणजे काय?"

"भुताच्या, जिन्नांच्या गोष्टी."

लबीबनी चष्म्यावरून पाहिलं. "मंत्रतंत्र?"

"नाही हो. गोष्टी."

"उपयोग काय त्यांचा?"

सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं मी लोकांना असेच प्रश्न विचारत आलोय. त्यांचं उत्तर देणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "घाबरायला."

त्यांनी लिहून घेतलं. "माल तपासावा लागेल. चार दिवसांनी या."

चार दिवसांनी म्हणाले, फाइल अभ्यासाधीन आहे. आठवड्याने म्हणाले, अभ्यास चालू आहे. पंधरवड्याने मी गेलो तेव्हा पार्सल टेबलाखाली उघडं होतं आणि लबीबांच्या हातात सतरावा अंक होता. पानात खूण म्हणून बियांचं टरफल.

"लबीब उस्ताज," मी म्हणालो, "हा अभ्यास?"

ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. उलट माझ्यावरच डोळे वटारले. "सतराव्यात राणीची तार येते, दार उघडू नकोस, बाहेर मी नाही. मग बाहेर कोण आहे?"

"ते अठराव्यात आहे."

"अठरावा पार्सलमध्ये नाही."

"अठरावा माझ्या घरी आहे."

लबीबांनी शांतपणे शिक्का बाजूला सरकवला. "म्हणजे प्रकरण अपूर्ण आहे. पूरक कागदपत्रं जोडा. सगळी सम."

मी वाद घातला. मी हुद्दा सांगितला. मी वजन-मापे कायद्याचं एक कलम ऐकवलं, ज्याचा तिथे काडीचा संबंध नव्हता. मग घरी जाऊन सव्वीस सम अंक काढले आणि पाच-पाच करून त्यांना नेऊन दिले. पोच घेतली. पोचेवर त्यांनी लिहिलं, 'अभ्यासार्थ प्राप्त'. जे अंक त्यांच्याकडे असतील ते सोडून उरलेले मी ताईला वाचायचो. त्यामुळे आमचा तारमास्तर कधी म्हातारा असायचा, कधी तरुण. ताई म्हणाली, "चालेल. माझंही आता तसंच होतंय. सकाळी काय झालं ते आठवत नाही, माळ्यावरचं सगळं दिसतं."

त्याच आठवड्यात इमारतीने निर्णय घेतला.

सव्वाचार झाले होते. छत्तिसावा अंक चालू होता. राणीने नजीच्या नवरीला मिठाचा पुतळा केलं होतं, आणि नजी त्या पुतळ्याचं बोट चाटून पाहतो की ती खरंच मीठ झाली का, इथवर मी आलो होतो. दाराची घंटा वाजली. मी पुस्तक हातात धरूनच दार उघडलं. पुढे हाजी बयूमी, हातात धूपाटणं. मागे उम्म शादी, हातात मिठाची पिशवी. त्यांच्यामागे इद्रीसकाका. ते म्हणे साक्षीदार म्हणून आले होते, पण हातात झाडू होता. माझ्या काखेखालून वाकून हाजी सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि डक्टच्या खिडकीकडे बघून खड्या आवाजात म्हणाले, "बाई, तुझं नाव सांग!"

साखरेच्या डब्यामागून आवाज आला, "अवातिफ. तुम्ही कोण?"

इद्रीसकाकांचा झाडू पडला.

"घाबरू नका," हाजी म्हणाले. मग धूपाटणं खिडकीकडे उंच धरलं. "कुठून आलीस?"

"आले कुठून? याच घरात जन्मले मी. त्या माळ्यावर बसायचे मी, कांद्यापाशी."

उम्म शादींनी माळ्याकडे पाहिलं आणि मूठभर मीठ माझ्याच डोक्यावर टाकलं.

"इथून जायचं काय घेशील?"

"जायचं काय घेशील म्हणजे? मी गेले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली! लग्न करून गेले!"

"नवरा... कोणत्या टोळीचा?"

"मासळी खात्यात इंजिनियर आहे! बहगत, हे येडं कोण आहे तुझ्या घरात? नीट चाललं होतं, बोट चाटत होता तो!"

मी फोन उचलून दाखवला. हाजी बयूमींनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे फोनवर बाई आहे."

"माझी बहीण आहे."

"मग लपवलं कशाला?" उम्म शादी कडाडल्या. "सख्ख्या बहिणीशी बोलायची चोरी आहे का? रोज बरोबर चारला, दार लावून, अशा विचित्र आवाजात? आम्ही माणसं नाही? तोंड उघडायला काय झालं होतं?"

मी केसांतलं मीठ झटकत उभा राहिलो. शपथ म्हणजे शपथ. मी म्हटलं, "ते मी सांगू शकत नाही." माझ्या आयुष्यात मी इतका मूर्ख कधी दिसलो नसेन. हाजींच्या तोंडावर पुन्हा संशय चढायला लागला.

"त्याला बोलू नका," ताई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "मीच तोंड बांधलंय त्याचं. मला दिसत नाही आता. डोळे जातायत माझे. म्हणून तो वाचून दाखवतो. लहानपणी मी त्याला दाखवायची. झालं समाधान? आता बाहेर व्हा सगळे."

कुणी बाहेर झालं नाही. धूपाटण्यातून धूर निघत राहिला. उम्म शादींनी मिठाची पिशवी ओट्यावर ठेवली, ओढणीने हात पुसले, आणि फोनजवळ तोंड नेऊन, अगदी शेजारणीशी बोलावं तसं विचारलं, "काहीच दिसत नाही का गं?"

"खिडकी दिसते. चेहरा नाही दिसत."

"माझ्या आईचंही तसंच झालं होतं." मग त्या घुटमळल्या. "एक विचारू का, अवातिफ? मंगळवारी वाचलंस ना, म्हणजे याने वाचलं, की तारमास्तर विहिरीत उतरला आणि वरून दोर कापला. कुणी कापला?"

मी बघतच राहिलो. "उम्म शादी, तुम्ही ऐकत होतात?"

"ऐकत नव्हते. लसूण सोलत होते, खिडकीशी. तीन आठवडे सोलतेय रोज चारला. घरात लसूण ठेवायला जागा नाही."

हाजी बयूमींनी खाकरून, दुसरीकडे बघत सांगितलं की पाचव्या मजल्यापर्यंत शब्द नीट येत नाहीत, माणसाने जरा स्पष्ट वाचावं.

त्यानंतर चार वाजता आमच्या डक्टच्या सगळ्या खिडक्या उघड्या राहायला लागल्या. ताईला कुणीही 'कशी आहेस' विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, की राणी आज येणार का? माझी प्रतिष्ठा? ती गेली ती गेलीच. इद्रीसकाका मला बाकावरून "नजी" म्हणून हाक मारायला लागले.

लबीबांनी पार्सल सोडलं ते पाचव्या आठवड्यात. सम अंकही परत केले, प्रत्येकात बियांचं टरफल. मी तिथेच उभ्याने मोजले. एक, तीन, पाच... एकोणपन्नास. एक्कावन्नावा नव्हता.

हा अंक मला हवा होता. म्हणजे सगळेच हवे होते, पण हा! बावन्नावा माझ्याकडे आहे, मी तो पन्नासदा वाचलाय. त्याची सुरुवातच 'त्या किनाऱ्यावर जे घडलं त्यानंतर' अशी आहे आणि त्यात म्हातारा नजी एकटाच तारेच्या यंत्रापाशी बसलेला आहे. पण किनाऱ्यावर काय घडलं? राणी वर आली की हा खाली गेला? सोळाव्या वर्षी ऐकलेलं मी पार विसरलो होतो. ताई तेव्हा वाचता वाचता रडली होती, एवढंच लक्षात होतं.

मी भर कचेरीत आवाज चढवला. "एक्कावन्नावा काढा! वाचून झाला नसेल, पण काढा! मी वजनावरून सांगतो, यात एक पुस्तक कमी आहे!"

लोक जमले. लबीबांचा चेहरा उतरला. त्यांनी गुपचूप नोंदवही काढली आणि पार्सलवरची यादी माझ्यासमोर धरली. यादीत पंचवीसच पुस्तकं होती. मग हळूच म्हणाले, "उस्ताज, पन्नासावा वाचून मी चार दिवस बायकोशी धड बोललो नाही. एक्कावन्नावा माझ्याकडे असता, तर मी तुम्हाला इतक्या लवकर बोलावलं असतं का?"

मी माफी मागितली. त्यांनी बिया पुढे केल्या. आम्ही दोघं दोन विधवांसारखे बसून बिया सोलत राहिलो.

त्या दुपारी ताईला विचारलं. ती म्हणाली, "तो मी ठेवून घेतलाय."

"पाठव की!"

"नाही पाठवणार. ये आणि वाच."

"तुला आठवतंय का किनाऱ्यावर काय होतं?"

"सगळं."

"मग सांग ना!"

"ये आणि वाच."

वरून उम्म शादी ओरडल्या, "जा ना बाबा! आम्हाला किती दिवस टांगून ठेवणार?"

मी रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं. साहेब म्हणाले, घरी सगळे बरे ना, आणि मी पहिल्यांदाच म्हणालो, "नाहीत, साहेब." पासपोर्टसाठी जन्माचा दाखला काढला. त्यात माझं नाव 'बहगा' असं पडलं होतं. म्हणजे चोपन्न वर्षं मी दुसराच कुणीतरी होतो. ते दुरुस्त करायला तीन कचेऱ्या लागल्या. हाजी बयूमी प्रत्येक ठिकाणी बरोबर आले, कारण मीटर वाचताना त्यांची सगळ्यांशी ओळख झालेली. निघताना इमारतीने मला लसूण दिला. चार किलो.

विमानतळावर शाझली दाजी आले होते. ते पार पिकलेत. सफाकसच्या बाहेर मिठागरं लागतात. पांढरे ढीग, मध्ये गुलाबी पाणी, त्यात लांब पायांचे पक्षी उभे. ताई इतकी वर्षं याच्या शेजारी राहत होती. मला कधी बोलली नव्हती, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

ती दारातच उभी होती. मी पुढे झालो. ती माझ्या डाव्या खांद्याच्या जरा बाजूला बघून हसली. मग तिचा हात माझ्या डोक्यावरून फिरला आणि थांबला.

"केस कुठे गेले?"

"सरकारजमा."

"फोनवर केस असल्यासारखा बोलतोस."

जेवण झालं, चहा झाला. दुपारचे तीन वाजले, म्हणजे आमच्याकडचे चार. अंगणात तिच्या खुर्चीशेजारी बसलो आणि म्हटलं, "आण."

"काय?"

"एक्कावन्नावा."

ती म्हणाली, "नाही तो. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी सासूबाईंनी त्यात मासे बांधून शेजारी पाठवले. वर राणीचं तोंड होतं, म्हणाल्या घरात नको."

"आणि तू म्हणालीस सगळं आठवतंय!"

"खोटं बोलले. रडले होते, एवढं आठवतंय."

मला संताप आला. तीन कचेऱ्या, एक विमान, चार किलो लसूण! "मग मला इथे बोलावलंस कशाला?"

"मी तुला अठ्ठावीस वर्षं बोलावतेय, बहगत." तिने चेहरा माझ्याकडे वळवायचा प्रयत्न केला. "राणी नसती तर आला असतास?"

कारणं माझ्याकडे होती. ती मी सांगितली नाहीत. आत गेलो, दाजींच्या टेबलावर मासळी खात्याचा वार्षिक अहवाल होता तो उचलला, परत येऊन बसलो आणि मांडीवर उघडला. कोळंबीच्या पैदाशीचा तक्ता होता.

"भाग एक्कावन्न," मी म्हणालो. "किनाऱ्यावर."

ताई सावरून बसली. पाय वर घेतले, शाल ओढली.

मी सुरुवात केली. वारा पडला होता. नजी तळ्याच्या काठी उभा होता, म्हातारा, टोपी हातात, आणि पायाखाली मीठ कुरकुरत होतं. तळ्याच्या मधोमध पाणी हललं. आधी मुकुट दिसला. मग कपाळ. पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि बोटं गार पडली होती. खरोखर गार, माळ्यावर पडायची तशी. राणी वर आली. तिने नजीकडे पाहिलं, पण तिला तो दिसेना. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहून तिचे डोळे गेले होते. मग नजीने...

"थांब," ताई म्हणाली.

मी थांबलो. वाटलं, चुकलं. हे वाचायला नको होतं.

"किती वेळ झाला," ती म्हणाली, "पान उलटल्याचा आवाज आला नाही."

मी पान उलटलं.

"हं," ती म्हणाली. "आता वाच."